अंधारीतली हाक

१

माझं नाव करुणा. राहायला हर्सूलला, काम लोकांना फिरवायचं. सकाळी औरंगपुऱ्यातून आमची मिनीबस निघते. पुंडलिकमामा गाडी चालवतात आणि मी माइक घेऊन पुढं उलटी उभी राहते. आधी दौलताबादचा किल्ला, मग वेरूळ, येताना खुलताबाद, पाणचक्की आणि ऊन उतरलं की मकबरा. बसवर लिहिलंय, ‘एका दिवसात राजधानी’. कोणती राजधानी, असं कुणी विचारलं की मला लई बरं वाटतं. “यादवांची इथंच होती,” मी सांगते. “तुघलकानं तर अख्खी दिल्ली उचलून इथं आणली आणि परत नेली. राजधान्या येतात, जातात. आपल्याला मात्र जेवणाच्या वेळेला वेरूळ गाठायचंय.” लोक हसतात. रोज त्याच जागी हसतात.

माझा आवाज मोठा आहे. लहानपणी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात माइक बंद पडला, तरी माझं भाषण मैदानाच्या टोकापर्यंत गेलं होतं. आई अजून सांगते. याच आवाजावर माझं पोट आहे आणि तो सगळ्यात जास्त लागतो अंधारीत.

दौलताबाद ज्यांनी पाहिलाय त्यांना अंधारी माहीत आहे. खंदकावरचा पूल ओलांडला की वाट डोंगराच्या पोटात शिरते. आत मिट्ट काळोख, वळणाच्या उंचसखल पायऱ्या, डोक्यावर वटवाघळं आणि त्यांचा तो नाकात बसणारा वास. मध्ये एका ठिकाणी वाट फुटते. एक वर जाते. दुसरी शत्रूला चकवायला कोरली होती, असं आम्ही गाईड लोक सांगतो. ती आता पुढं दगडमातीनं बुजलेली आहे. त्या फाट्यावर मी उभी राहते, माझी पिवळी छत्री वर धरते आणि ओरडते, “या, या. माझ्या आवाजाच्या मागं या. भिंतीला हात लावा. घाबरू नका, मी आहे.”

कित्येक वर्षं हीच वाक्यं. शब्दही बदललेला नाही.

२

दिवाळी नुकतीच झाली होती. किल्ल्याच्या दारात सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. थंडीनं माझा घसा बसला होता, इतका की पुंडलिकमामांशी मी खुणांनीच बोलत होते. नांदेडची काही मंडळी होती. फाट्यावर मी जमेल तेवढा जोर लावून म्हणाले, “या, या. माझ्या आवाजाच्या मागं या.” गळ्यातून नुसती घरघर निघाली.

मग प्रतिध्वनी आला. तो स्वच्छ होता.

“या, या. माझ्या आवाजाच्या मागं या. भिंतीला हात लावा. घाबरू नका, मी आहे.”

मी फक्त पहिली दोन वाक्यं बोलले होते.

“मॅडम, सुटला की तुमचा घसा,” मागून एक बाई म्हणाल्या. मी मान हलवली. त्या काळोखात माझी मान कुणाला दिसणार होती?

वर उन्हात आल्यावर मी हिशेब लावला. दुसरी कुणी गाईड मागं असेल. पण बायका गाईड आम्ही मोजक्याच, आणि त्या दिवशी मी एकटीच होते. कुणी तरी मोबाइलवर माझं बोलणं भरून घेतलं असेल आणि वाजवलं असेल. हे पटण्यासारखं होतं. लोक काहीही भरून घेतात. मी तेच पटवून घेतलं, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि झोपले.

३

घसा बरा झाल्यावर एकदा मी मुद्दाम गप्प राहिले. नागपूरचा ऋतुराज नावाचा तरुण इंजिनिअर आणि त्याची बायको, दोघंच सोबत होते. फाट्यावर मी छत्रीचं टोक पायरीवर आपटलं. टक, टक. तेवढ्या खुणेवर ते वर येतील असा माझा अंदाज होता.

बायको आली. ऋतुराज आला नाही.

मी टॉर्च लावला. तो दुसऱ्या वाटेतून बाहेर येत होता, भिंतीला हात लावून, मी नेहमी सांगते तसा. मला बघून तो थबकला.

“तुम्ही इकडं कशा? आत्ता तिकडून बोलवलंत ना?”

“मी इथंच आहे, सर.”

“मग तिकडं...” त्यानं मागं पाहिलं आणि कसंनुसं हसला. “आणि तुम्ही म्हणाला होतात वाट बुजलीये. ती तर बरीच आत जाते.”

दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आधी मी मोठी बॅटरी घेऊन एकटी तिथं गेले. फाट्यापासून थोडी पावलं चालले आणि समोर ढिगारा आला. दगडमाती, छतापर्यंत. मी त्यावर हात ठेवला. गार, खरखरीत, पक्का. उंदीर जाईल एवढी फट नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण बॅटरी फिरवताना लक्षात आलं की इतक्या जवळ भिंत असताना इथून प्रतिध्वनी येईलच कसा? हाक मारली तर लागलीच अंगावर यायला पाहिजे. मी ऐकलेला आवाज लांबून येत होता.

पुंडलिकमामांना सांगितलं. ते टायरला पाणी मारत होते. थट्टा करतील असं वाटलं होतं.

“पोरी, बाहेरून पायऱ्या हायत ना? तिथनं ने लोकांना,” ते म्हणाले. “घसा बसला तर काढा हाय. असा आवाज उठून बसला तर त्याला औषध नाय.”

मी त्यांचं ऐकलं. अंधारी दारातूनच दाखवू लागले. लोक नाराज व्हायचे, पण वटवाघळांचा वास आला की फारसा आग्रह कुणी करत नसे.

४

मग सोयगावच्या बायका आल्या.

तालुक्यातल्या शाळांमध्ये पोरांची खिचडी शिजवणाऱ्या या बायका. रविवारची सुटी बघून सगळ्यांनी मिळून आमची बस ठरवली होती. पहाटेच निघून आल्या होत्या. नवी लुगडी, पिशव्यांत दशम्या आणि ठेचा, आणि बसमध्ये असा कालवा की मला माइक असून बोलता येईना. त्यांच्यात सगळ्यात मोठ्या भागूबाई. उंच, ताठ, कमी बोलणाऱ्या. त्यांची धाकटी जाऊ गोजरबाई सगळ्यांच्या वाटचं बोलायची. पण भागूबाईंशी बोलताना तिच्या तोंडी कायम “अक्का, अक्का”. वयाचा आणि धाकाचा मान होता तो.

खंदकाच्या पुलावर मी सांगितलं, “आपण बाहेरच्या पायऱ्यांनी जाऊ. आत काही बघण्यासारखं नाही.”

“का गं बाई?” भागूबाईंनी विचारलं.

“काळोख आहे, आजी. वटवाघळं आहेत.”

“आमच्या साळंतली पोरं सहलीला आली व्हती इथं,” भागूबाई शांतपणे म्हणाल्या. “रोज जेवताना आम्हालाच भ्या दाखवत्यात, अंधारीत असं आन् अंधारीत तसं. आम्ही बाहेरून गेलो तर उद्या खिचडी वाढताना त्या पोरांना काय तोंड दाखवू?”

“व्हय! अंधारीतनंच जायचं!” बाकीच्या ओरडल्या.

मी त्यांच्याकडं पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांची पानं वाढलेल्या बायका, आज पहिल्यांदा स्वतःसाठी निघालेल्या. त्यांना मी काय सांगणार होते? माझाच आवाज मला भेवडावतोय म्हणून?

“ठीक आहे,” मी म्हणाले. “पण एकीनं दुसरीचा पदर धरायचा आणि आत कुणी एक शब्द बोलायचा नाही.”

ऋतुराजच्या वेळी मी एकटीच गप्प होते. मला वाटलं, आपण सगळ्या गप्प राहिलो तर तिकडच्या आवाजाला धरायला काही मिळणार नाही. तिथंच मी चुकले.

५

आम्ही शिरलो. बांगड्यांची किणकिण, श्वास, वर पंखांची फडफड. टॉर्च मी खाली पायरीवर धरला होता, वर धरला की वटवाघळं अंगावर येतात. बायका खरंच गप्प होत्या. इतक्या बायकांची अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

फाट्याशी पोचलो आणि त्या शांततेत तो आवाज एकटाच आला.

“या, या. माझ्या आवाजाच्या मागं या.”

डावीकडून. लांबून. माझा आवाज, सकाळच्या वेळचा, ताजा.

“थांबा!” मी ओरडले. “कुणी हलू नका! सगळ्या जागेवर आहात का? आपापल्या पुढचीला हात लावून बघा!”

“हाय, हाय,” असं एकेक ऐकू आलं. गोजरबाई म्हणाली, “अक्का हायत की. पदर हाय माझ्या हातात.”

मी टॉर्च तिच्याकडं वळवला. तिच्या मुठीत पदर होता. तो तिचा स्वतःचाच होता.

पुढं कुणी नव्हतं.

गोजरबाईनं मुठीकडं पाहिलं आणि मूठ उघडली. मी छत्री तिच्या हातात दिली. “मावशी, इथून हलायचं नाही. आणि आता बोला. सगळ्या बोला, मोठ्यानं, काहीही बोला, पण थांबू नका. मला परत यायला तुमचा आवाज लागेल.”

मी डावीकडं शिरले. ढिगारा जिथं होता ती जागा आली असं मला वाटलं. मी हात पुढं केला. हाताला हवा लागली.

मी चालत राहिले. माझं डोकं एकीकडं सांगत होतं की वळणाचा अंदाज चुकलाय, ही दुसरी कुठली तरी वाट आहे. किल्ला जुना आहे, सगळंच कुठं माहीत आहे आपल्याला. पायाखालची जमीन मात्र गुळगुळीत होती. पुष्कळ पाय घासून दगड होतो तसा.

“भिंतीला हात लावा,” पुढून मी म्हणाले. म्हणजे ती म्हणाली. “घाबरू नका.”

टॉर्चच्या टोकाला भागूबाईंची पाठ दिसली. एक हात त्यांनी पुढं केला होता, कुणी तरी धरावा असा.

त्यांच्या पुढं रांग होती.

मी क्षणभरच पाहिलं. माणसं उभी होती, आमच्याकडं पाठ करून, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. गाईडसाठी थांबलेली माणसं उभी राहतात तशी निमूट. कुणाचं डोकं हलत नव्हतं. पार पुढं, उजेड संपतो तिथं, उघडी छत्री वर धरलेली होती. आणि आमच्या बाजूला, शेवटच्या माणसाच्या अलीकडं, रांगेत एक जागा सोडलेली होती. त्या शेवटच्याला मागून धरायला कुणी नव्हतं.

मी टॉर्च खाली केला. त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

भागूबाईंचं मनगट पकडलं. “आजी, चला.”

“कुठं?” त्या झोपेतल्यासारख्या म्हणाल्या. “तू तर पुढं हायस ना बाई? मघाधरून बोलवायलीस.”

“मी इथं आहे, आजी.”

“मी आहे,” पुढून आवाज आला.

भागूबाईंनी हात आखडला. “मग तू कोण?” त्यांनी मला विचारलं.

काहीही बोलले असते तरी ते तिकडच्याच आवाजात बोलले असते.

तेवढ्यात मागून, फाट्याकडून, बायकांच्या गलबल्यातून एक किंकाळीसारखी हाक फुटली.

“भागे! ए भागे! माझी परात कुठं ठिवलीस ते सांगून मग कुठं जायचं तिथं जा!”

भागूबाईंची मान ताडकन वळली.

“कोण म्हणली मला भागे?”

“गोजरबाई, आजी.”

“तिची ही हिंमत?” आणि त्या वळल्या. खरंच वळल्या. जिना उतरणाऱ्या सासूसारख्या तरातरा चालू लागल्या.

६

थोडं अंतर गेलो असू. समोरून गोजरबाई ओरडत होती, बाकीच्या बायका कुणी चुलीचं, कुणी सुनेचं, कुणी तांदळातल्या खड्यांचं बोलत होत्या. सगळ्या एकदम. तो कालवा मला देवळातल्या घंटांसारखा वाटत होता.

आणि मग आमच्या पाठीमागून गोजरबाई म्हणाली, “भागे! ए भागे! माझी परात कुठं ठिवलीस ते सांगून मग कुठं जायचं तिथं जा!”

तोच आवाज. तीच चिरक.

भागूबाई थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुढं गोजरबाई, मागं गोजरबाई. टॉर्च पिवळा पडत चालला होता आणि मला आता कुठली बाजू कुठली हे सांगता आलं नसतं.

त्याच क्षणी मला उमगलं. इतके दिवस तो आवाज माझंच बोलत होता, मी जे बोलले तेच, तेवढंच. त्यानं स्वतःचं म्हणून एक अक्षर काढलं नव्हतं.

“आजी,” मी म्हणाले, “तिला काहीतरी विचारा. परातीचंच विचारा.”

भागूबाईंनी छाती भरून घेतली.

“गोजरे! परात तुझी कवापासून झाली गं?”

मागून आवाज आला, “परात तुझी कवापासून झाली गं?” भागूबाईंच्याच आवाजात.

समोरून आलं, “माझ्या बापानं दिलीय ती, अक्का! तुमीच हंड्यावर झाकून झाकून पोचे पाडलेत तिला!”

“ही बघ गोजर,” भागूबाई म्हणाल्या आणि पाऊल उचललं. “पोचे तुझ्या लेकानं पाडले! त्यात बसून घसरत व्हता!”

“माझ्या लेकाला मधी घ्यायचं काम नाय!”

“घेईन! त्याला न्हाऊमाखू कुणी घातलं?”

“तुमीच घातलं, कोण नाय म्हणतंय? पण परात माझी!”

जिकडून उत्तर येत होतं तिकडं आम्ही चालत राहिलो. मागून आमचेच प्रश्न येत होते, एकावर एक, माझ्या आवाजात, भागूबाईंच्या, गोजरबाईच्या, ऋतुराजच्या, कधी तरी येऊन गेलेल्या लोकांच्या. कुठल्याच प्रश्नाला तिकडं उत्तर नव्हतं.

एकदा माझ्या उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. जोरानं नाही. रांगेत मागच्यानं ठेवावा तसा अलगद हात. मी मागं पाहिलं नाही. नुसता खांदा झटकला आणि जिवाच्या आकांतानं विचारलं, “मावशी, किती राहिलं?”

“ही काय, तुझा टॉर्च दिसायलाय मला!” गोजरबाई म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी आम्ही तिच्या अंगावर आदळलो. तिनं भागूबाईंना असं कवटाळलं की दोघींच्या बांगड्या फुटल्या.

७

वर निघालो तेव्हा कुणी गप्प बसलं नाही. उरलेल्या पायऱ्या त्या बायकांनी भांडत, हसत, एकमेकींना हाका मारत आणि प्रत्येक हाकेला ‘ओ’ देत चढल्या. काळोख संपला, ऊन डोळ्यांत घुसलं आणि कुणीतरी रडायला लागलं. बाकीच्या तिला हसल्या आणि मग त्याही रडल्या.

मला वाटलं आता इथंच बसतील. पण भागूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. “वर काय हाय?”

“बारादरी, जुना बादशाही महाल. आणि तिच्याही वर तोफ.”

“चला तर मग.”

त्या दिवशीसारखा किल्ला मी कधी चढले नाही. गुडघे धरत, बसत, एकमेकींना ओढत सगळ्या जणी पार टोकाला गेल्या. तोफेला हात लावला. वारा असा होता की पदर निशाणासारखे उडत होते. खाली चांदमिनार बोटाएवढा, लांब शहर धुरकट पसरलेलं. त्यांनी दशम्या सोडल्या. मलाही बसवलं. गोजरबाईनं आपल्या हातानं भागूबाईंच्या तोंडात घास भरवला आणि म्हणाली, “अक्का, एकडाव ‘भागे’ म्हणाले, माफ करा.”

“म्हण की आता,” भागूबाई चावता चावता म्हणाल्या. “जीव वाचला त्यानं.”

बऱ्याच वेळानं त्या माझ्याजवळ सरकल्या. “तू यायच्या आधी तिथं कुणीतरी माझा हात धरला व्हता, बाई. गार नव्हता. आपल्या माणसासारखा ऊन ऊन व्हता. लई दमल्यासारखा.”

मी माझ्या वाटची दशमी मोडून अर्धी त्यांना दिली.

उतरायची वेळ झाली. मी बाहेरच्या पायऱ्यांकडं छत्री दाखवली. “आपण इकडून जाऊ.”

“नाय,” भागूबाई म्हणाल्या. “आलो तिथनंच जाऊ. पाठ दाखवून गेलो तर ते पोरांना कळतंय.”

त्या पुढं झाल्या. मी त्यांच्या मागं आणि बाकीच्या माझ्या मागं, सगळ्यांची तोंडं चालू. फाट्यावर पोचलो तशा भागूबाई थांबल्या. त्यांनी हात वर केला आणि त्या एका हातानं सगळ्या बायका गप्प झाल्या. डावीकडं काळोख होता, नुसता काळोख.

भागूबाई त्या काळोखाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. शाळेच्या ओसरीवर पातेलं उघडून पोरांना विचारतात त्या आवाजात त्यांनी विचारलं,

“जेवलात का रं बाबांनो?”

आम्ही थांबलो. आता तेच परत येईल म्हणून मी दात आवळले.

काहीच आलं नाही.

मग आत, पार खोल, एक आवाज झाला. बोलणं नव्हतं ते. कपड्यांची सळसळ, सांध्यांची कुरकुर, मोठा नि:श्वास. फार काळ उभं राहिलेल्या पुष्कळ माणसांनी एकदम खाली बसावं, तसा.

भागूबाईंनी त्या दिशेला मान हलवली, पंगत नीट बसली की वाढणारी बाई हलवते तशी.

“चला गं,” त्या म्हणाल्या. “वेरूळ बघायचं ऱ्हायलंय अजून.”

आणि आम्ही सगळ्या जणी बोलत बोलत उन्हात उतरलो.